गच्चीची वही

गच्चीला कुलूप मीच लावलं.
धनकवडीत, आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत,
ठराव क्रमांक अकरा, सूचक मी, अनुमोदक दातीर.
कारण काही खोटं नव्हतं:
कुलथ्यांचा ओजस टाकीच्या काठावर सापडला,
झाकण बाजूला, पाय आत सोडलेले,
पाण्यात स्वतःचं तोंड शोधत. सहा वर्षांचा.
त्या रात्री मला घास उतरला नाही.

किल्ली एक. माझ्याकडे, कारण सेक्रेटरी मी.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं दारंच सांभाळली.
पाणी मोकळं सोडलं की मुखाजवळचा दोनदा भिजवतो
आणि टेलचा माणूस कोरड्या चारीत उभा राहतो,
हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग दुसऱ्या मजल्यावरची सगुणा उसेंडी आली.
ससूनमध्ये नर्स, भामरागडकडची.
खोलीत चौघी, पाळ्या वेगळ्या, कायम कुणीतरी झोपलेलं.
"काका, रात्री आईशी बोलायचं असतं.
तिकडे शाळेच्या कट्ट्यावरच रेंज येते, तिथवर ती चालत जाते.
खोलीत मला हळू बोलावं लागतं,
आणि हळू बोललं की तिला वाटतं, मी आजारी आहे."
मी ठराव क्रमांक अकरा दाखवला.
तिनं तो शेवटपर्यंत वाचला, थँक्यू म्हणाली.
त्या थँक्यूचं काय करायचं, मला कळेना.

आता खरं सांगतो.
मी रोज रात्री वर जात होतो,
झाकण बघायला, असं घरी सांगून.
झाकण बघायला अर्धं मिनिट लागतं.
उरलेला तास सिंहगडावरच्या टॉवरचे लाल दिवे,
कात्रजच्या घाटातून उतरणारे ट्रक,
आणि सुटली असं बायकोला वाटतं ती सिगारेट.
चोवीस बिऱ्हाडांत मोकळा माणूस एकच,
ज्यानं नियम केला.

एकदा निघालो तर शेवटच्या पायरीवर ती,
कुलपाला पाठ टेकून, फोनवर तळहाताचा आडोसा,
कुजबुजत.
खिशातली किल्ली मी मुठीत दाबली, वाजू नये म्हणून,
आणि चोरासारखा उतरलो.

पद्मावतीचा किल्लीवाला म्हणाला, "किती काढू?"
चोवीस म्हणावं तर कुलूप कशाला.
एकच म्हणावं तर मुजावरांनी काय घोडं मारलंय?
कानस हातात धरून तो थांबला.
मागे स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता.

शेवटी किल्ली जिन्यातल्या खिळ्याला टांगली.
खाली वही, दोरीनं बांधलेलं पेन:
नाव, वेळ, कारण, झाकण लावलं का.
दातीर, दुपारी दोन, सांडगे.
मुजावर, संध्याकाळी सात, चंद्र.
उसेंडी, रात्री दहा, आई.
आणि तीनशे चार नंबरनं कारणाच्या रकान्यात लिहिलं,
"तुम्हाला काय करायचंय?"

मीटिंग दीड तास चालली.
दातीर म्हणाले, आज कारण नको, उद्या वही नको, परवा सोसायटी नको.
तसं अगदीच चूक नव्हतं ते.
कुलथेबाई एरवी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या,
"माझा ओजस कारण न लिहिल्यामुळे बुडणार नव्हता.
झाकण उघडं होतं."

पट्टी घेऊन मी तो रकाना खोडला.
दातीरांचा विरोध नोंदवला आहे.

काल रात्री वहीत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं.
वर ती होतीच, माडियात मोठमोठ्यानं हसत.
एक शब्द कळला नाही. माझा तास मात्र गेला.
सिगारेट तशीच पाकिटात.
इतक्यात खालून दातीरांचा आवाज,
"कोण आहे रे वर, एवढ्या रात्री?"

मी सेक्रेटरी. उत्तर देणं माझं काम.
टाकीच्या झाकणावर हात ठेवून
गप्प उभा राहिलो.